रायपूरचे दिवे आणि उपग्रहाचा डोळा

अवकाशातून टिपलेली पृथ्वीची रात्रीची छायाचित्रे भांडवलदारी वृत्तपत्रे आणि दूरचित्रवाणी वाहिन्या गेली काही वर्षे मोठ्या हौसेने प्रसिद्ध करीत आहेत. काळ्याभोर पार्श्वभूमीवर चमचमणारे ठिपके आणि त्यांखाली विकासाचे गुणगान करणाऱ्या चार ओळी, असा हा ठरीव मामला असतो. जेथे उजेड तेथे उद्योग, जेथे उद्योग तेथे समृद्धी, आणि जेथे अंधार तेथे मागासलेपण, आळस किंवा समाजवाद! हे समीकरण वाचकाच्या गळी उतरविण्यासाठी युक्तिवादाची गरजच उरत नाही. चित्रच ते काम परस्पर उरकते. 'इस्रो'च्या हैदराबाद येथील राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्राने २०१२ ते २०२१ या दशकातील भारताच्या रात्रीच्या प्रकाशाचे नकाशे प्रसिद्ध केले, तेव्हा देशाचा उजेड सुमारे ४३ टक्क्यांनी वाढला या एकाच आकड्याचा असा ढोल बडविण्यात आला की, मूळ अहवालात काय म्हटले आहे हे पाहण्याची तसदी फारशी कोणी घेतली नाही. त्याच अहवालात उजेडाच्या वाढीत बिहार देशात अग्रभागी आहे. दरडोई उत्पन्नात मात्र तेच बिहार सर्व राज्यांच्या तळाशी आहे. उजेड म्हणजे समृद्धी असे सांगणाऱ्यांनी या दोन वाक्यांचा मेळ घालून दाखवावा.

परंतु बिहार दूर राहू द्या. मराठी वाचकाच्या उंबरठ्यावरच या प्रश्नाचे एक ढळढळीत उदाहरण आहे. नागपूरहून हावड्याकडे जाणारा लोहमार्ग ज्या प्रदेशातून जातो, जो १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रांताचा भाग होता, आणि ज्याच्या गावोगावी आजही मराठी कुटुंबे नांदत आहेत, तो छत्तीसगढ. उपग्रहाच्या नकाशात या लोहमार्गाच्या कडेने राजनांदगाव, दुर्ग, भिलाई आणि रायपूर असा एक झगझगीत पट्टा दिसतो. ईशान्येला कोरब्याचा लखलखाट दिसतो. दक्षिणेला बस्तर, जगदलपूर आणि बैलाडिल्याच्या लोहखाणी हे दोन-चार ठिपके सोडले तर सगळा काळोख. राज्याची राजधानी झाल्यापासून, म्हणजे १ नोव्हेंबर २००० पासून, रायपूरचा ठिपका वर्षागणिक फुगत गेला आहे. हीच छत्तीसगढची प्रगती, असे सांगितले जाते. ती कोणाची प्रगती, हे विचारण्यापूर्वी तो डोळा काय पाहतो आणि काय पाहत नाही, हे समजून घेतले पाहिजे.

या डोळ्याचा जन्म विकास मोजण्यासाठी झालेला नाही. अमेरिकेच्या हवाई दलाने शीतयुद्धाच्या काळात लष्करी हवामान-उपग्रहांची एक मालिका सोडली. हेरगिरीच्या छायाचित्रांत ढगांचा अडथळा येऊ नये यासाठी ढग कोठे आहेत ते रात्रीही दिसावे, म्हणून चंद्रप्रकाशात उजळलेले ढग टिपणारा अतिसंवेदनशील संवेदक त्यांवर बसविण्यात आला. शहरांचे दिवे त्यात आपोआप आले. ते त्या यंत्राचे उपफळ होते. पुढे ही माहिती नागरी शास्त्रज्ञांना खुली झाली, १९९२ पासूनची चित्रे अंकीय स्वरूपात उपलब्ध झाली, आणि २०११ च्या ऑक्टोबरात सोडलेल्या 'सुओमी' या उपग्रहावरील अधिक सूक्ष्म यंत्राने 'नासा'ची 'ब्लॅक मार्बल' नावाची प्रसिद्ध चित्रमाला तयार झाली. शास्त्रज्ञांच्या कष्टांविषयी कोणाचीच तक्रार असण्याचे कारण नाही. तक्रार आहे ती या चित्रांवरून निष्कर्षांचे इमले उभारणाऱ्यांविषयी.

उपग्रहाला दिसतो तो वर निसटलेला प्रकाश. पुस्तकावर पडलेला, यंत्रमागावर पडलेला, बाळंतिणीच्या खाटेशेजारचा प्रकाश त्याला दिसत नाही. छप्पर आड येते. जो दिवा नीट झाकलेला आहे आणि ज्याचा प्रकाश रस्त्यावरच पडतो, तो त्याला अंधुक दिसतो. जो दिवा निष्काळजीपणे आकाशाकडे उजेड उधळतो, तो त्याला लख्ख दिसतो. याचा अर्थ स्पष्ट आहे. अवकाशातून जे मोजले जाते त्याचा मोठा हिस्सा उधळपट्टीचा आहे, आणि त्या उधळपट्टीला बूर्झ्वा अर्थशास्त्रात 'आर्थिक क्रियाशीलता' असे भारदस्त नाव आहे.

वेळेचा प्रश्न तर याहून महत्त्वाचा. 'सुओमी' भारतावरून जातो तो मध्यरात्रीनंतर, सुमारे दीड वाजता. संध्याकाळी सात ते दहा ही कष्टकऱ्याच्या घरातील दिव्याची वेळ: चूल, मुलांचा अभ्यास, दुसऱ्या दिवसाची तयारी. दीड वाजता तो दिवा मालवलेला असतो. त्या वेळी जागे असते ते काय? हमरस्त्यांवरील खांब, जाहिरातींचे फलक, बंगल्यांच्या कुंपणांवरचे दिवे, कारखान्यांची रात्रपाळी, खाणींतील प्रकाशझोत. शिवाय या यंत्राला निळसर प्रकाश नीटसा दिसत नाही. पिवळ्या सोडियम दिव्यांच्या जागी पांढरे एलईडी लावलेले शहर माणसाच्या डोळ्याला अधिक उजळ, पण उपग्रहाला अधिक मंद भासू शकते. चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीचा जवळजवळ पाऊण किलोमीटर लांबीरुंदीचा तुकडा. एवढ्या तुकड्यात साल-मोहाच्या झाडीत विखुरलेल्या पाच-सात घरांचे पाच-सात दिवे असले काय आणि नसले काय!

या चित्रांच्या प्रचारकी वापराचा एक मासला तर हास्यास्पद आहे. दिवाळीच्या रात्री अवकाशातून दिसणारा भारत, असे सांगून लाल, हिरव्या, निळ्या रंगांनी नटलेले एक चित्र वर्षानुवर्षे फिरविले जाते आणि देशाभिमानाच्या उमाळ्याने पाहिले जाते. वस्तुतः ते चित्र अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९९२, १९९८ आणि २००३ या वर्षांतील दिव्यांना निरनिराळे रंग देऊन, वस्त्यांची वाढ दाखविण्यासाठी तयार केलेले आहे. २०१२ साली 'नासा'ने दिवाळीच्या सुमाराचे खरे चित्र प्रसिद्ध करून स्पष्ट सांगितले की, दिवाळीचा वाढीव उजेड इतका अल्प असतो की अवकाशातून तो जाणवतही नाही. कोट्यवधी गरिबांच्या पणत्या वरून दिसत नाहीत, हेच सत्य त्या खुलाशात होते. पण खोटे चित्र आजही फिरतेच आहे!

आता या चित्रांना शास्त्राची प्रतिष्ठा कशी मिळाली ते पाहू. हेंडरसन, स्टोरीगार्ड आणि वाइल या तीन अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी २०१२ साली असे मांडले की, रात्रीच्या उजेडातील वाढीवरून देशाच्या उत्पन्नातील वाढीचा अंदाज बांधता येतो. ज्या देशांची आकडेवारी कच्ची आहे तेथे पूरक साधन म्हणून याचा उपयोग व्हावा, अशी त्यांची सावध भाषा होती. ती सावधगिरी वाटेतच गळाली. 'पूरक'चे 'प्रमाण' झाले, आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यातच जो मूळ दोष आहे, तोच नव्या साधनानेही वारशाने घेतला. राष्ट्रीय उत्पन्न जसे वाटपाविषयी मौन पाळते, तसाच उजेडाचा नकाशाही.

म्हणून रायपूरच्या त्या झगझगीत ठिपक्यात उतरून पाहिले पाहिजे.

शहराच्या उत्तरेला उरला आणि सिलतरा या औद्योगिक वसाहती आहेत. स्पंज आयर्नच्या भट्ट्या, रोलिंग मिल, फेरोअलॉयचे कारखाने यांची तेथे दाटी आहे. रात्रभर चालणाऱ्या या भट्ट्यांचा उजेड उपग्रह इमानाने टिपतो. त्या उजेडात कंत्राटी मजूर राबतात, ज्यांची नावे हजेरीपटावर मुख्य मालकाच्या नव्हे तर मुकादमाच्या खात्यात असतात. याच भट्ट्यांविषयी रायपूरकरांची एक जुनी तक्रार आहे. धुरातील काजळी पकडणारी 'ईएसपी' ही यंत्रे चालवायला वीज लागते. ती वाचविण्यासाठी अनेक कारखानदार रात्री ही यंत्रे बंद ठेवतात, आणि सकाळी घरांच्या गच्च्यांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, तळ्यांच्या पाण्यावर काळी भुकटी पसरलेली आढळते. म्हणजे ज्या रात्री उपग्रह उजेड टिपून 'विकास' नोंदवितो, त्याच रात्री, त्याच ठिकाणी, विजेची बचत चालू असते. ती माणसांच्या फुप्फुसांच्या खर्चाने. काजळी नोंदविणारा रकाना त्या नकाशात नाही.

शहराच्या आग्नेयेला नवे रायपूर आहे. आता त्याचे अधिकृत नाव नवा रायपूर अटल नगर. शेतकऱ्यांची जमीन घेऊन हे राजधानीचे शहर वसविण्यात आले आणि २०१२ साली मंत्रालय तेथे हलविण्यात आले. मैलोनमैल रुंद रस्ते, त्यांवर ओळीने दिव्यांचे खांब, आणि माणसे मात्र वर्षानुवर्षे तुरळक. वरून पाहणाऱ्याला हा भरभराटलेल्या महानगराचा उजेड वाटावा! २०२२ च्या जानेवारीत या राजधानीने बाधित झालेल्या २७ गावांतील शेतकरी मोबदला, भूखंड आणि रोजगार यांच्या मागण्यांसाठी प्राधिकरणाच्या इमारतीसमोर धरणे धरून बसले. राज्यात तेव्हा काँग्रेसचे सरकार होते, जमीन घेताना भाजपचे होते; शेतकऱ्यांना दोहोंत फरक करणे कठीण गेले.

याच नव्या रायपुरातील एक प्रसंग सबंध प्रकरणाचे सार सांगून जातो. तेथील भव्य क्रिकेट मैदानाला शहीद वीर नारायण सिंह यांचे नाव आहे. नारायण सिंह हे सोनाखानचे. १८५६ च्या दुष्काळात त्यांनी व्यापाऱ्याचे धान्याचे कोठार फोडून उपाशी रयतेला धान्य वाटले, आणि १० डिसेंबर १८५७ रोजी इंग्रजांनी त्यांना रायपुरात फाशी दिले. त्यांच्या नावाच्या या मैदानात १ डिसेंबर २०२३ रोजी भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात सामना झाला. सामन्यापूर्वी देशभर बातमी आली की, मैदानाचे ३ कोटी १६ लाख रुपयांचे वीजबिल २००९ पासून थकलेले असून नियमित जोडणी २०१८ मध्येच तोडण्यात आली आहे. सामन्याचे प्रकाशझोत जनित्रांवर चालविले जाणार आहेत. सामना झाला, झोत झळकले, वाहिन्यांनी कोट्यवधींच्या जाहिराती घेतल्या. थकबाकीमुळे कोणाचा उत्सव अडला नाही. आता एखाद्या रोजंदारी कामगाराने दोन महिन्यांचे बिल थकविले तर काय होते, हे रायपूरच्या कोणत्याही झोपडपट्टीत विचारावे. दिव्याखाली अंधार ही म्हण मराठीत जुनी आहे. येथे अंधार दिव्याखालीच नव्हे, दिव्याच्या हिशेबाच्या वहीतही आहे.

याच पट्ट्यात रायपूरच्या पश्चिमेला भिलाई. हा उजेड वेगळ्या प्रकारे सुरू झाला होता. सोव्हिएत संघाशी १९५५ च्या फेब्रुवारीत झालेल्या कराराने सार्वजनिक क्षेत्रातील पोलाद कारखाना उभा राहिला आणि १९५९ च्या फेब्रुवारीत पहिली झोतभट्टी पेटली. कारखान्याबरोबर वसाहत, शाळा, रुग्णालय आले. दिवा कामगाराच्या घरात लागला. त्याच भिलाईच्या भोवती पुढे खाजगी कारखान्यांची माळ लागली, कंत्राटी पद्धत बोकाळली, आणि त्या कंत्राटी कामगारांना किमान वेतन व कायम नोकरी मिळावी म्हणून लढणारे शंकर गुहा नियोगी यांचा २८ सप्टेंबर १९९१ च्या रात्री झोपेत, खिडकीतून गोळ्या झाडून खून करण्यात आला. नियोगी कोणत्याही कम्युनिस्ट पक्षाच्या शिस्तीतले नव्हते, पण त्यांचा खून कोणत्या वर्गाला हवा होता याविषयी छत्तीसगढच्या कामगाराला कधीच संशय नव्हता. १ जुलै १९९२ रोजी त्याच मागण्यांसाठी रुळांवर बसलेल्या कामगारांवर भिलाईत गोळीबार झाला आणि डझनाहून अधिक कामगार ठार झाले. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने भाडोत्री मारेकऱ्याला जन्मठेपेची शिक्षा दिली. उद्योगपती आरोपी निर्दोष सुटले. ज्या स्थानकाजवळ हा गोळीबार झाला त्याचे नाव 'भिलाई पॉवर हाउस' आहे, ही केवळ योगायोगाची गोष्ट.

आणि ही वीज येते कोठून? कोरब्याहून. गेवरा आणि कुसमुंडा या जगातील सर्वांत मोठ्या कोळसा खाणींत गणल्या जाणाऱ्या उघड्या खाणी कोरबा जिल्ह्यात आहेत. राष्ट्रीय औष्णिक वीज महामंडळाचे २,६०० मेगावॉटचे केंद्र तेथे आहे, राज्याची केंद्रे आहेत, खाजगी केंद्रे आहेत. उपग्रहाला कोरबा लखलखीत दिसतो, कारण खाणींत रात्रभर प्रकाशझोत पेटलेले असतात. त्या झोतांच्या परिघाबाहेर, ज्यांच्या जमिनी खाणींत गेल्या ते भूविस्थापित नोकरीच्या न्याय्य हक्कासाठी आंदोलन करीत आले आहेत. कुसमुंडा येथे २०२१ च्या नोव्हेंबरात सुरू झालेले धरणे तर वर्षानुवर्षे चालले. येथून निघणारी वीज छत्तीसगढच्या खेड्यांवरून, त्यांना स्पर्श न करता, पुढे जाते. चांप्याहून हरियाणातील कुरुक्षेत्रापर्यंत आणि रायगढहून तामिळनाडूतील पुगलूरपर्यंत ८०० किलोव्होल्टच्या एकदिश प्रवाहाच्या महावाहिन्या टाकल्या आहेत. दुसरीची लांबी १,७०० किलोमीटरहून अधिक आहे. वीज एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाऊ नये असे कोणताही समंजस माणूस म्हणणार नाही. देश एक आहे, जाळेही एकच हवे. प्रश्न एवढाच की राख, धूळ, विस्थापन आणि आटलेले नाले यांची महावाहिनी का टाकली जात नाही. ते सारे कोरब्यातच का राहते?

विजेचा खरा मोठा ग्राहक तर उपग्रहाला दिसतच नाही. एक टन ॲल्युमिनियम तयार करण्यास सुमारे १४,००० युनिट वीज लागते. कोरब्याचा 'बाल्को' कारखाना हा असा ग्राहक. १९६५ साली स्थापन झालेल्या या सार्वजनिक उद्योगातील ५१ टक्के भाग वाजपेयी सरकारने २००१ साली साडेपाचशे कोटींच्या आसपास रकमेला स्टरलाइट कंपनीला विकला; कामगारांनी ६७ दिवस संप करून प्रतिकार केला. सप्टेंबर २००९ मध्ये याच ठिकाणी नव्या वीजकेंद्राची बांधकाम चालू असलेली चिमणी कोसळून किमान चाळीस कामगार गाडले गेले. पात्रांमध्ये वितळणारा धातू छपराखाली असतो. जी वीज सर्वाधिक नफा निर्माण करते ती अवकाशातून अदृश्य, आणि जी उधळली जाते ती दृश्य. अशा मोजमापावर अर्थशास्त्र उभारणे म्हणजे गिरणीचा नफा तिच्या भोंग्याच्या आवाजावरून ठरविण्यासारखे आहे.

कोरब्याच्या उत्तरेला हसदेव अरण्य. तेथील परसा पूर्व-केते बासन हा कोळसापट्टा राजस्थानच्या वीज महामंडळाच्या नावे आहे, खाण चालविण्याचे कंत्राट मात्र अदानी समूहाकडे. २०२१ च्या ऑक्टोबरात हसदेवचे सुमारे साडेतीनशे ग्रामस्थ दहा दिवसांत ३०० किलोमीटर पायी चालत रायपूरला आले. २६ जुलै २०२२ रोजी छत्तीसगढ विधानसभेने हसदेवमधील कोळसापट्टे रद्द करावेत असा ठराव एकमताने संमत केला. एकमताने! डिसेंबर २०२३ मध्ये नवे सरकार येताच पोलीस बंदोबस्तात वृक्षतोड सुरू झाली. आज हसदेवचे जंगल रात्रीच्या नकाशात काळे आहे. खाण वाढेल तसतसे ते उजळत जाईल आणि पुढच्या दशकाच्या अहवालात छत्तीसगढच्या 'वाढी'त त्याची भर पडेल.

बस्तरच्या काळोखाविषयी अधिक सावधपणे बोलले पाहिजे, कारण तेथे काळोखाचे अनेक प्रकार एकात मिसळले आहेत. २८ एप्रिल २०१८ रोजी देशातील शेवटच्या गावात वीज पोहोचली अशी घोषणा पंतप्रधानांनी केली. विद्युतीकरण झालेले गाव म्हणजे काय? २००४ पासूनच्या सरकारी व्याख्येप्रमाणे ज्या गावातील १० टक्के घरांत आणि शाळा, पंचायत अशा सार्वजनिक जागी वीज आहे ते. दहातील नऊ घरे अंधारात असली तरी गाव उजळले! आणि तरीही, घोषणेनंतर जवळजवळ सात वर्षांनी, २०२५ च्या जानेवारीत, बिजापूर जिल्ह्यातील चिलकापल्लीत प्रथमच वीज आल्याची बातमी तोच सरकारपक्ष उत्सवाने साजरी करीत होता. दोन्ही उत्सव खरे असू शकत नाहीत. २००५ नंतर 'सलवा जुडूम'च्या नावाखाली शेकडो गावे उठविण्यात आली, माणसे छावण्यांत कोंबली गेली. आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी नेमून त्यांच्या हाती बंदुका देण्याचा तो प्रकार सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०११ मध्ये घटनाबाह्य ठरविला. उजाड केलेले गाव आणि निवांत झोपलेले गाव यांतील भेद उपग्रहाला कळत नाही. दोन्ही काळेच.

या काळोखाचे गोडवे गाणारा एक नवा पंथही निघाला आहे, त्याचाही येथेच समाचार घेतलेला बरा. प्रकाशप्रदूषण ही खरी समस्या आहे. २०१२ ते २०१६ या काळात पृथ्वीवरील कृत्रिम प्रकाशाखालील क्षेत्र दरवर्षी सुमारे २ टक्क्यांनी वाढले, असे शास्त्रज्ञांनी दाखविले आहे. पक्षी, कीटक आणि रात्रपाळीचा माणूस या तिघांनाही त्याचा त्रास आहे. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्रप्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये 'डार्क स्काय पार्क' हा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, तेथील गावांतील दिव्यांची तोंडे खाली वळविण्यात आली. यात गैर काही नाही. परंतु शहरातील सुखवस्तू पर्यटकाने तारे पाहण्यासाठी चार रात्रींचा अंधार विकत घ्यावा आणि आदिवासीने मात्र तो जन्मभर फुकट भोगावा, यालाच कोणी निसर्गप्रेम म्हणू लागले, तर तो विचार श्रमिकांच्या चळवळीत खपवून घेता कामा नये. सर्पदंश झालेल्या मुलाला रात्री आरोग्यकेंद्रात नेणाऱ्या बापाला आकाशगंगेचे कौतुक सांगू नये.

याच चित्रांच्या बळावर समाजवादावर जो जुना वार केला जातो, त्याचेही उत्तर देणे प्राप्त आहे. अमेरिकेचा माजी संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड कोरियाचे रात्रीचे छायाचित्र आपल्या मेजावर बाळगून ते येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवीत असे: दक्षिण लखलखीत, उत्तर काळी. १९४५ मध्ये फाळणी झाली तेव्हा कोरियातील बहुतेक वीज उत्तरेत तयार होत असे आणि सोलचे दिवे १९४८ पर्यंत त्या विजेवर जळत, हे तो सांगत नसे. १९५२ च्या जूनमध्ये अमेरिकी विमानांनी यालू नदीवरील सुपुंग धरणासह उत्तरेची जलविद्युत केंद्रे फोडली आणि सारा देश कित्येक दिवस काळोखात बुडाला, हेही तो सांगत नसे. उत्तर कोरियाच्या कारभारावर टीका करण्यासारखे पुष्कळ आहे आणि तेथील टंचाईला कोणी सद्गुण मानू नये. पण ज्याच्या हवाई दलाने दिवे फोडले, त्याच्याच मंत्र्याने अंधाराचे चित्र पुरावा म्हणून नाचवावे, हा निर्लज्जपणा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये इस्रायलच्या नाकेबंदीने गाझातील एकमेव वीजकेंद्राचे इंधन संपले आणि ती पट्टी काळी पडली. उपग्रहांनी तेही टिपले. त्या चित्रावरून गाझाची 'आर्थिक अकार्यक्षमता' मोजण्यास अद्याप कोणी धजावले नाही, इतकेच.

दिव्यांचा नकाशा कम्युनिस्टांना अपरिचित नाही. १९२० च्या डिसेंबरात मॉस्कोच्या बोल्शोई नाट्यगृहात सोव्हिएतांच्या काँग्रेसपुढे क्रझिझानोवस्की यांनी विद्युतीकरणाची योजना मांडली, तेव्हा मंचावर रशियाचा एक प्रचंड नकाशा होता आणि नियोजित वीजकेंद्रांच्या जागी त्यावर दिवे पेटत होते. ते दिवे पेटविण्यासाठी शहरातील इतर पुरवठा आखडावा लागला, असे सांगतात. लेनिनने सोव्हिएत सत्ता आणि विद्युतीकरण यांची सांगड घातली ती याच काँग्रेसमध्ये. त्या नकाशात कोठे केंद्र उभारायचे, कोणासाठी, कोणत्या क्रमाने, हे ठरविणारी सत्ता कोणाची, हा प्रश्न प्रथम होता आणि दिवा नंतर. अगदी मर्यादित अधिकारांतही हे करता येते, हे केरळच्या डाव्या आघाडीच्या सरकारने २९ मे २०१७ रोजी संपूर्ण विद्युतीकरण जाहीर करून दाखविले. तेथे मोजणी गावांची नव्हे, घरांची झाली.

छत्तीसगढमध्ये घरांची मोजणी केली तर काय दिसते? तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ साठी काढलेल्या आकडेवारीत दारिद्र्यरेषेखालील लोकसंख्येचे प्रमाण छत्तीसगढमध्ये सर्व राज्यांत अधिक, जवळजवळ ४० टक्के होते. याच काळात राज्य सरकार विजेच्या मुबलकतेच्या जाहिराती करीत होते. गरिबांसाठी तेथे 'एकल बत्ती' नावाची जोडणी आहे; नावातच सारे आले. २०१९ साली ४०० युनिटपर्यंतच्या वापरावर निम्मे बिल अशी सवलत देण्यात आली. ऑगस्ट २०२५ मध्ये ही मर्यादा एकदम १०० युनिटवर आणली गेली. लोकांचा संताप उसळल्यावर वर्षअखेरीस ती २०० वर नेण्यात आली. कोळसा यांचा, जमीन यांची, राख यांची, आणि सवलतीची कात्री प्रथम यांच्यावरच!

त्यातच आता आगाऊ पैसे भरण्याचे स्मार्ट मीटर आले आहेत. वितरण कंपन्यांना केंद्राची मदत हवी असेल तर हे मीटर बसवा, अशी अट घालून वितरणाचे खाजगीकरण मागच्या दाराने आणले जात आहे. वीज दुरुस्ती विधेयक मागे घ्या ही २०२०-२१ च्या शेतकरी आंदोलनाची एक प्रमुख मागणी होती, ती याच धोक्यामुळे. महाराष्ट्रात २०२४ च्या जूनमध्ये, लोकसभेच्या निकालानंतर, सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही असे सरकारला जाहीर करावे लागले. त्यानंतर तेच मीटर 'टीओडी' हे नवे नाव धारण करून घरोघर येऊ लागले. नागपूर, चंद्रपूर आणि गोंदियातील कार्यकर्त्यांना हा अनुभव ताजा आहे. रायपूर, दुर्ग आणि कोरबा येथील साथींपर्यंत तो पोहोचविणे, राज्यातील विजेचा घरगुती, शेती व औद्योगिक असा वर्गवार हिशेब आणि थकबाकीदार बड्या ग्राहकांची यादी जाहीर करण्याची मागणी वीज कामगार संघटना व किसान सभा यांनी एकत्रितपणे लावून धरणे, आणि २०० युनिटच्या मर्यादेविरुद्धचा लढा ४०० युनिट परत मिळेपर्यंत चालू ठेवणे, हे काम समोर आहे.